आधी नाव सांगा

कुणीही बोलायला जवळ आलं की ती उजव्या हाताचा पंजा चौकातल्या हवालदारासारखा समोर धरायची आणि म्हणायची, "आधी नाव सांगा. मग बोला."

"बाई, रस्ता ओलांडून देऊ का?"

"आधी नाव."

"ताई, कुत्रं चावतं का हो?"

"आधी नाव सांगा."

एकदा तिकिटं तपासायला गाडीत चढलेल्या साहेबांनाही तिने असंच थांबवलं. साहेब इतके गडबडले की वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगून बसले, आणि अख्खी गाडी हसली. ती हसली नाही. तिने मान हलवली आणि पास पुढे केला.

मी वाहक. तुम्ही कंडक्टर म्हणता. लातूर डेपोत सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी लातूर-नांदेड फेरीवर गेली. आमच्या कामात संशय घ्यावाच लागतो. मिसरूड फुटलेलं पोरगं मांडीवर घेऊन "हे आत्ताच पाचवं लागलंय" म्हणणारी आई तुम्हीही पाहिली असेल. चढताना लंगडणारा आणि उतरताना पळत जाणारा माणूसही पाहिला असेल. त्यामुळे मी आधी माणसाचा चेहरा बघते आणि मग त्याचं कार्ड. ती पहिल्यांदा गाडीत चढली तेव्हाही मी तेच केलं, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

शनिवारची सकाळची गाडी होती. पुढच्या दारातून आधी एक मोठं पिवळसर कुत्रं वर आलं. त्याच्या पाठीवर चामड्याचा पट्टा, पट्ट्याला ताठ दांडा आणि दांड्याला धरलेला डावा हात. मागोमाग ती. तिशी ओलांडलेली, इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला पर्स, कपाळावर नीट मधोमध टिकली. काळा चष्मा नाही. डोळे उघडे, आणि सरळ माझ्या तोंडावर रोखलेले.

"कुत्रं खाली उतरवा," मी म्हणाले.

पंजा वर आला. "आधी नाव सांगा."

"माझ्याच गाडीत मलाच नाव विचारून राहिल्या?"

"गाडी तुमची असेल. पण बोलतंय कोण ते मला कळायला पाहिजे का नको?"

मी नाव सांगितलं, शोभा. तिने पर्समधून प्लॅस्टिकची फाईल काढली. तिचं प्रमाणपत्र, कुत्र्याच्या इंजेक्शनांचा कागद, त्याला शिकवणाऱ्या माणसाचं पत्र, सगळं ओळीने लावलेलं. "वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. म्हणजे तुम्ही वाचून राहिल्यात का नुसतं कागद उलटून राहिल्यात ते मला समजंल."

मी मोठ्याने वाचलं. दृष्टी नाही, असं कागदावर स्पष्ट होतं. मी डेपोत फोन लावला. तिकडून विचारणा झाली, "कुत्रं म्हणजे प्रवासी धरायचं का सामान?" मी म्हटलं, तेच तर विचारून राहिले. मग तिकडून, "तुम्हीच बघून घ्या बाई," आणि फोन बंद. शेवटी मागच्या सीटवरचा एक म्हातारा ओरडला, "बसू द्या की हो! माझ्या पिशवीत दोन कोंबड्या हायत, त्यांचं कोण विचारून राहिलं?"

कुत्रं तोपर्यंत तिच्या सीटखाली शिरून पाय दुमडून झोपलंही होतं.

त्याचं नाव फुटाणा. ते नाव तिच्या मुलीने ठेवलेलं. तिच्या माहेरी, शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात, फौजेच्या श्वानपथकातून निवृत्त झालेला एक माणूस होता. त्याने पिल्लू आणलं आणि दोन वर्षं त्याला शिकवलं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. डोळस माणूस तिथे चुकतो, पण त्या फौजीने दोघांनाही तिथेच फिरवून तयार केलं. त्याची एकच तक्रार होती, म्हणे. हुकूम द्यायला नाव एका दमात सुटणारं हवं, फुटाणा म्हणेपर्यंत ट्रक अंगावर येतो. पण मुलीने नाव ठेवलं होतं, ते काही बदललं नाही.

हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच, की ही बाई दर शनिवारी नांदेडला जाते आणि रविवारी परत येते. आणि मला वाटलं ते असं, की हिला दिसतं.

वाटण्याला कारणं होती. एक म्हणजे ते सरळ रोखलेले डोळे. दुसरं, दुसऱ्या शनिवारी मी गुपचूप तिच्या तोंडासमोर बोट हलवून पाहिलं, तर ती म्हणाली, "हात खाली घ्या, शोभाताई." मी दचकले. "कसं कळलं?" तर म्हणाली, "बांगड्या." पण तिसऱ्या शनिवारी मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत, एक शब्दही बोलायच्या आत, तिनेच पुकारलं, "शोभाताई, नांदेड." त्या दिवशी बांगड्या मी मुद्दाम वर सरकवून ठेवल्या होत्या. नाव विचारलं नाही, आवाज ऐकला नाही, मग मीच आहे हे हिला कसं समजलं?

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, "नोकरीसाठी केलेलं नाटक आहे ते." ती एका कार्यालयात टेलिफोनवर होती, राखीव जागेवर लागलेली. नवरा म्हणाला, असंल बाबा. मला बरं वाटलं. आपण एखाद्याला ओळखलं असं वाटलं की बरं वाटतं, तुम्हालाही ते ठाऊक असेल.

संशय मात्र एकट्या माझ्याच बाजूने नव्हता. ती माझ्यापेक्षा चार पावलं पुढे होती. कुणी फुटाण्याला बिस्किट टाकलं की तिला वासावरून कळायचं. मग ती खाली वाकून त्याच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढायची. "कोणी दिलं? नाव सांगा." देणारा खिडकीबाहेर बघायला लागायचा. खिडकीशी बसलेला पोरगा उगाच गोड बोलायला लागला की ती पर्स मांडीवरून पोटाशी घ्यायची. गाडी थांबली की विचारायची, "कोणतं गाव?" मी सांगितलं "लोहा" तरी शेजारच्या बाईला परत विचारायची, "लोहाच ना?"

एकदा मी चिडले. "मी काय खोटं सांगते का?"

"तुम्ही सांगता का नाही मला काय ठाऊक," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षांखाली नांदेड स्टँडवर तीन पोरांनी मला लई प्रेमानं गाडीत बसवून दिलं. ताई ताई करत. लातूरची म्हणून देगलूरच्या गाडीत. खिडकीखाली उभी राहून हसत होती. तेव्हा फुटाणा सोबत नव्हता. मी देगलूरला उतरले, तिथून दीराला फोन लावला. तो घ्यायला आला. आला आणि म्हणाला, वहिनी, आता तुम्हीच सांगा, अशा बाईपाशी पोरगी कशी ठेवायची?"

असं मला त्या शनिवारांचं कारण कळलं.

तिची नजर लहानपणी रात्रीपुरती जायची, मग हळूहळू दिवसाचीही गेली. लग्न झालं तेव्हा थोडं दिसत होतं. मुलगी झाली, ईश्वरी. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सासर अर्धापूरचं, केळीचे मोठे बागायतदार, नांदेडातही घर. दिवसांसाठी म्हणून मुलीला तिकडे नेलं ते परत पाठवलंच नाही. शाळा तिकडे चांगली आहे, आजीला तिच्यावाचून करमत नाही, आणि शेवटी ते, जे मनात होतं, तोंडावर आलं. आंधळी बाई लेकरू सांभाळणार कसं? तिने कोर्टात दावा लावला. निकाल होईपर्यंत शनिवार-रविवार भेटायची परवानगी मिळाली, तीही सासरच्या माणसांच्या देखत.

"मी एकटी येऊ शकते हे दिसायला पाहिजे त्यांना," ती म्हणाली. "म्हणून कुणाचा हात धरत नाही. तुमचाबी नाही."

याच सुमारास तो दीर मला भेटला.

नांदेड स्टँडवर गाडी लावून मी कागदं भरत होते. पांढरा शर्ट, हात जोडलेले, बोलणं अगदी मऊ. "नमस्कार ताई. आमच्या वहिनी तुमच्या गाडीनं येतात. एकट्याच असतात का कुणी सोबत असतं?"

खरं सांगायचं तर माणूस वाईट वाटला नाही. भावाची एकुलती एक खूण घरात आहे, म्हातारी आई तिच्याकडे बघून जगते, असं तो सांगत होता आणि सांगताना त्याचे डोळे भरले होते. मी म्हणाले, एकट्याच असतात. आणि मग, कुणी विचारलं नसताना, पुढे म्हणाले, "पण मला वाटतं त्यांना थोडंफार दिसतंय."

त्याने मान वर केली. "खरंच?"

"तसं वाटतं."

"बघत राहा, ताई. काही दिसलं तर सांगा आम्हाला."

दुसऱ्या फेरीला डेपोत माझ्या नावाने केळीचा एक अख्खा घड आला होता. मी तो घरी नेला. माझ्या पोरांनी चार दिवस केळी खाल्ली. मी पण खाल्ली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की त्या माणसाला दोन्ही गोष्टी चालणार होत्या. तिला दिसतं म्हटलं तर ती खोटारडी, नोकरी गेली. दिसत नाही म्हटलं तर लेकरू सांभाळता येत नाही. दोन्हीकडून हरणार ती एकटीच. आणि मी बसले होते बघत, तिला दिसतं का नाही ते.

दिवाळीच्या सुट्टीत कोर्टाने पहिल्यांदा आठ दिवसांसाठी मुलीला आईसोबत लातूरला जायची परवानगी दिली. रविवारी दुपारी नांदेडहून माझीच गाडी होती. दीराने मुलीला आणून सोडलं. सात वर्षांची ईश्वरी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. सुट्टीतही दप्तर कशाला, तर त्यात फुटाण्यासाठी एक जुना चेंडू होता. दीर मला बघून किंचित हसला. मी मान हलवली.

गाडीत ती दर दोन मिनिटांनी हात बाजूला नेऊन मुलीची वेणी चाचपायची. नुसती बोटं टेकवून परत घ्यायची. ईश्वरी खिडकीतून दिसेल ते सांगत होती. "आई, उसाचा ट्रॅक्टर. आई, एका माणसाच्या डोक्यावर खाट." आणि आई विचारायची, "खाट उलटी का सुलटी?" असं ते चाललं होतं. मी तिकिटं फाडता फाडता ऐकत होते.

माळाकोळीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. ऊन होतं, लोक उतरले. ती पण उतरली, कारण फुटाण्याला मोकळं करायचं होतं. तिने ईश्वरीचा हात घेऊन गाडीच्या पत्र्यावर ठेवला. "इथं हात लावून उभी राहा. हलू नको. दोन मिनिटांत येते." आणि फुटाण्याला घेऊन मागच्या बाजूला पाच-सात पावलं गेली.

पोरगी उन्हात उभी. रस्त्याने ट्रक जात होते. मी तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "चल, सावलीत उभं राहू." दहा-बारा पावलांवर कडुनिंबाचं झाड होतं. तिथे घेऊन गेले. इथपर्यंत मनात काही वाईट नव्हतं. हे मी कोर्टातही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

ती परत आली. हाताने पत्रा चाचपला. "ईश्वरी?"

पोरगी ओ देणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. हसून. जशी गंमत चालली आहे. ईश्वरीलाही ती गंमतच वाटली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि खांदे उडवत हसायला लागली.

"ईश्वरी!"

आता दिसेल, मी मनात म्हटलं. दिसत असेल तर ही झाडाकडे बघेल. आणि तिने झाडाकडेच बघितलं. तोंड बरोबर आमच्या दिशेला, डोळे उघडे, माझ्या डोळ्यांत रोखलेले. आणि त्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. समोर उभी असलेली लेक दिसली असती तर आईच्या चेहऱ्यावर जे व्हायला हवं, त्यातलं काहीच झालं नाही. ती तशीच बघत राहिली आणि हात पत्र्यावरून पुढे, पुढे सरकत गेला, दारापर्यंत, दाराच्या पायरीपर्यंत. पायरीखालची जागासुद्धा तिने चाचपली. एक प्रवासी मोबाईलवर ते सगळं घेत होता.

तिला दिसत नाही हे मला त्याच क्षणी समजलं. तरी मी आणखी दोन श्वास गप्प राहिले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

ती ओरडली नाही. फुटाण्याचा दांडा सोडून तिने दोन्ही हात वर घेतले आणि तीन टाळ्या वाजवल्या. एक, दोन, तीन. थांबली. ईश्वरीचे हात तोंडावरून आपसूक निघाले आणि तिने तीन टाळ्या परत दिल्या. आधीपासून ठरलेलं असणार त्यांचं. तिने दांडा उचलला, फुटाण्याला काहीतरी म्हणाली आणि सरळ झाडाखाली आली. पोरीची वेणी मुठीत धरली. सोडलीच नाही. मग माझ्याकडे वळली.

"शोभाताई, तुमचा डावा बूट कुरकुरतो."

मी खाली बघितलं. बूट नवा होता, दिवाळीच्या आधी महिनाभर घेतलेला. त्याच्या आधीचाही कुरकुरत असणार, मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या चालण्यातच काही असेल.

"तुम्ही झाडाकडे गेल्या ते मी ऐकलं होतं. ट्रक होता म्हणून हिचे पाय ऐकू आले नाहीत. मी तुम्हालाच हाक मारणार होते, की पोरगी बघितली का म्हणून. तुम्ही इथंच होता. मी हिला दोनदा हाक मारली. तुम्ही बोलला नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "का?"

"मावशी म्हणल्या गंमत करू," ईश्वरी म्हणाली.

"गंमत," ती म्हणाली. आणि तिथून लातूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. ईश्वरीही खिडकीतलं काही सांगेना.

तो मोबाईलवरचा व्हिडिओ फिरत फिरत दीराकडे गेला. चौथ्या दिवशी तो लातूर डेपोत हजर. तेच मऊ बोलणं. "ताई, वहिनींनी भर रस्त्यात पोरगी हरवली. व्हिडिओत सगळं आहे, गाडी चाचपत फिरून राहिल्या. तुम्ही तिथं होता. एवढं लिहून द्या आणि खाली सही करा. आम्हाला वहिनींचं वाईट करायचं नाही, पोरीचा जीव महत्त्वाचा."

मजकूर तयारच होता. वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आईने मुलीला रस्त्याच्या कडेला सोडलं, परत आली तेव्हा मुलगी जागेवर नव्हती, आईला ती सापडत नव्हती. फक्त मुलगी जागेवर का नव्हती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, परत नीट वाचून उद्या देते.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. पत्ता शोधत जिना चढले, दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण? आधी नाव."

"शोभा. कंडक्टर."

आत पावलं दारापर्यंत आली. मग दाराच्या अगदी जवळून, "कोणी पाठवलं? दीरानं?"

"मीच आले. दार उघडा."

"उघडत नाही. तिथूनच बोला."

मी जिन्यात उभी राहून बोलले. शेजारची बाई दार किलकिलं करून ऐकत होती, तिच्यासमोरच बोलले. सही मागितली ते सांगितलं. केळीचा घड सांगितला. तुम्हाला दिसतंय असं मीच त्यांच्या कानात घातलं, तेही सांगितलं. आणि कोर्टात खरं ते सांगीन म्हणाले. पोरगी हरवली नव्हती, मी लपवली होती.

आतून आवाज आला, "परत म्हणा. मोबाईल चालू केलाय. नावासकट म्हणा."

मी परत म्हणाले. नावासकट.

"मला खरं वाटत नाही," ती म्हणाली. "पण ठेवते."

दार उघडलं नाही. मी उतरताना जिन्यात माझा डावा बूट कुरकुरला, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

त्या कागदावर मी सही केली नाही. कोर्टात तिच्या बाजूने साक्षीला उभी राहिले तेव्हा दीराच्या वकिलाने मला विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही एका लहान मुलीला तिच्या आईपासून लपवलं?"

"हो."

"कशासाठी?"

"त्यांना दिसतंय का ते बघायचं होतं."

मागे कुणीतरी हसलं. दीर खाली बघत होता. ती पलीकडच्या बाकावर ताठ बसली होती, पायाशी फुटाणा.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मग? काय बघितलं?"

मी म्हणाले, "मॅडम, त्यांना दिसत नाही. पण पोरगी सापडायला त्यांना मिनिटभरसुद्धा लागलं नाही. माझं पोरगं पाच वर्षांचं असताना गंजगोलाईत हरवलं होतं. मला दीड तास लागला. आणि मला दोन डोळे आहेत."

माझ्या एकटीच्या साक्षीने निकाल लागला असं मी म्हणत नाही. तिची नोकरी, तिचं घर, पोरीचं म्हणणं, सगळं बघितलं असेल. पण पुढच्या उन्हाळ्याआधी ईश्वरी आईकडे लातूरला आली. महिन्यातून एकदा आजीला भेटवायला न्यायचं, असं ठरलं. माझ्याविरुद्ध डेपोत तक्रार गेली, चौकशी झाली, दोन महिने मला दुसऱ्याच फेऱ्या मिळाल्या. ते होणारच होतं. त्यात मला तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

नांदेडच्या फेरीवर परत आले तेव्हा महिन्यातल्या एका शनिवारी त्या दोघी आणि फुटाणा चढायचे. ती माझ्याशी बोलायची नाही. "दीड, नांदेड," एवढंच. पास हातात द्यायची, परत घेताना बोटांनी तपासायची की तोच आहे ना. गावाचं नाव मला विचारायची नाही, ईश्वरीला विचारायची. मी पण काही बोलायला गेले नाही. क्षमा मागण्यासारखं जे होतं ते जिन्यात बोलून झालं होतं. पुन्हा बोलले असते तर ते माझ्याच समाधानासाठी झालं असतं.

मग एका शनिवारी, तिची शिरूर अनंतपाळला बदली झाल्याचं ईश्वरीनेच मला सांगितलं. माहेर जवळ, फौजी जवळ. आता नांदेडला जायचं तर वाट वेगळी, गाडी वेगळी. म्हणजे त्या दोघी रविवारी परत येतील, ती त्यांची माझ्या गाडीतली शेवटची फेरी.

त्या रविवारी अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. गाडी निम्मी रिकामी झाली होती. ईश्वरी सीटवर आडवी होऊन गाढ झोपलेली. फुटाणा जीभ काढून धापा टाकत होता. ती उठली, बसली, परत उठली. पोरीला उठवायला हात पुढे नेला आणि मागे घेतला. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "शोभाताई."

"हं."

"फुटाण्याला पाणी पाजून आणायचं आहे. हिला उठवत नाही. तुम्ही हिच्यापाशी बसा."

मी जाऊन बसले.

दाराशी गेलेली ती परत वळली. "आणि बोलत राहा. मोठ्यानं. मी खाली खिडकीपाशीच आहे. तुमचा आवाज थांबता कामा नये."

"काय बोलू?"

"काहीही. बोलत राहा."

ती उतरली. मी बोलायला लागले. काय बोलावं सुचेना. पुढच्या गावांची नावं घेतली, चाकूर, आष्टामोड, लातूर. ती एका मिनिटात संपली. ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, बाईला काय झालं? मग मी जे समोर होतं तेच सांगायला लागले. "झोपलीय. डावा हात खाली लोंबत होता, मी वर घेतला. आता तिनं कूस बदलली. तोंड खिडकीकडे केलंय. कपाळावर केस आलेत, बाजूला करते. घाम आलाय थोडा. ओढणीनं वारा घालते. एक रिबन सुटलीय, बांधत नाही, जागी होईल. आता हसली झोपेत."

खिडकीतून मला ती दिसत होती. नळापाशी वाकलेली, ओंजळीत पाणी, फुटाणा त्या ओंजळीतून पीत होता. पण तिचं तोंड कुत्र्याकडे नव्हतं. ते वर, खिडकीकडे होतं, आणि मी बोललेला एकेक शब्द तिच्या चेहऱ्यावर उमटत होता. हसली म्हटलं तेव्हा तीही हसली. ओंजळीतलं पाणी संपलं तरी फुटाणा बोटं चाटत राहिला आणि ती तशीच ऐकत राहिली.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी बोलायची थांबले नाही.